मागून गाडी!

नमस्कार मंडळी.

नागपूरच्या उन्हाळ्यात सायकल चालवायची तर पहाटे पाचलाच घर सोडावं लागतं. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो, आठ वाजले की डांबर तापायला लागतं. म्हणून आम्ही पंधरा-सोळा जण अंधारातच सिव्हिल लाइन्सहून निघतो. सेमिनरी हिल्सचा चढ, फुटाळ्याचा उतार, कधी काटोल रोडनं गोरेवाड्याच्या पुढे. पूर्वी तिघं-तिघं शेजारी, गप्पा मारत जायचो. एवढ्या सकाळी रस्ता मोकळाच असतो, असं धरून चालायचो.

तसा तो नसतो. पेपरवाली पोरं, कॉटन मार्केटला भाजी नेणारे, फिरायला निघालेले काका-काकू, सगळे त्याच वेळी रस्त्यावर असतात.

दोन वर्षांपूर्वी एका वळणावर समोरून दूधवाला आला. मोटरसायकल, दोन्ही बाजूंना कॅन. आमचा तिसरा गडी पार मधोमध होता. दूधवाल्यानं गाडी कडेच्या गिट्टीवर घातली अन् तो घसरला. एका कॅनचं झाकण उडालं, दूध मातीत गेलं. त्यानं आधी कॅन उभा केला, मग गुडघा पाहिला. म्हणाला, "जागा तं ठेवा ना भाऊ." दुधाचे पैसे आम्ही दिले, पण चूक आमचीच होती.

तेव्हापासून आम्ही पाच-सहा जणांच्या टोळ्या करतो आणि दोन टोळ्यांमध्ये एक कार सहज शिरेल एवढं अंतर सोडतो. सोळा सायकली सलग एका ओळीत लावल्या तर जवळपास 50 मीटरची रांग होते. ती ओलांडताना कारवाल्याला तेवढा वेळ समोरच्या गाड्यांच्या बाजूला राहावं लागतं. रुंद, मोकळ्या रस्त्यावर दोघं शेजारी चालले तर रांग निम्मी होते, तिथे माझी हरकत नाही. पण अरुंद रस्त्यावर अन् वळणावर एकामागे एकच.

पुढचा खड्ड्याकडे हात करून ओरडतो, "खड्डा!" शेवटचा ओरडतो, "मागून गाडी!" आणि ती हाक एकेकानं पुढे द्यायची. शेवटची जागा नवख्याला कधीच देऊ नका. तिथे टोळीतला सर्वांत अनुभवी माणूस हवा, मागच्या सगळ्या रस्त्यावर त्याचाच कान असतो.

पुढच्याच्या आडोशाला वारा कमी लागतो, दम वाचतो, म्हणून आपण त्याला चिकटतो. चिकटा, पण आपलं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या शेजारी जाऊ देऊ नका. तो जरासा हलला तरी पडणार तुम्ही, अन् तुमच्यावर मागचे.

सिग्नल मधेच लाल झाला तर मागच्यांनी थांबायचं, पुढच्यांनी चौक ओलांडून वाट पाहायची. चौक रिकामा असला तरीही. फिरणाऱ्यांना दुरूनच घंटी द्या, वेग कमी करा, "काकाजी, उजवीकडून येतो" म्हणा. समोरचा दिवा रस्त्यावर झुकलेला ठेवा, कुणाच्या डोळ्यांत नको.

चारचाकीवाल्यांना एक विनंती. अगदी कानाशी आल्यावर हॉर्न वाजवू नका, सायकलवाला दचकून वळतो. जरा लांबूनच वाजवा.

तो दूधवाला अजून भेटतो. दुरून त्याचा दिवा दिसला की पुढचा हात वर करतो अन् आम्ही सगळे एका ओळीत डाव्या कडेला येतो.