मुखडा परत येतो तेव्हा

मंडळी, नमस्कार. डोळ्यांसमोर इराणच्या राजवाड्यातली बाग आणा. चांदणी रात्र आहे. आर्बाचे नावाचा तरुण भिंत चढून आत आलाय, राजकन्या मांदानेचा निरोप घ्यायला. तिच्यावर प्रेम केलं म्हणून राजाने त्याला राजवाड्यातून हाकललंय. निरोप संपतो न संपतो, तोच आर्बाचेचा बाप रक्ताने माखलेली तलवार घेऊन येतो. त्याने राजालाच मारलंय. ती तलवार तो मुलाच्या हाती देतो, आणि मुलगा पकडला जातो. बापाचं नाव त्याला घेववत नाही. मांदाने मात्र समजते, आपल्या वडिलांचा मारेकरी हाच.

हा 'आर्तासेर्से', एक इटालियन ऑपेरा, म्हणजे गाऊन सादर केलेलं नाटक. काव्य मेतास्तासिओ या कवीचं, संगीत लिओनार्दो विंचीचं. पहिला प्रयोग रोममध्ये, ४ फेब्रुवारी १७३० रोजी. त्याच वर्षी मे महिन्यात विंची गेला. पुढे हेच काव्य कितीतरी संगीतकारांनी नव्या चाली लावून गाजवलं. विंचीचं संगीत मात्र हळूहळू हस्तलिखितांत जाऊन पडलं.

पोपच्या रोममध्ये स्त्रियांना रंगमंचावर बंदी होती. मांदानेसुद्धा पुरुषच गायचा, कास्त्रातो. म्हणजे लहानपणी शस्त्रक्रिया करून ज्याचा आवाज फुटू दिला नाही असा गायक. कलेच्या नावाखाली मुलांवर केलेलं ते क्रौर्यच होतं, आणि ते थांबलं हे चांगलंच झालं. पण मग ही गाणी गायची कोणी? २०१२ साली फ्रान्समधल्या नान्सी शहरात त्याचं उत्तर मिळालं. दिएगो फाझोलिस यांच्या संचलनाखाली पाच काउंटरटेनर, म्हणजे रियाझाने वरची पट्टी कमावलेले पुरुष, एकत्र उभे राहिले. मांदाने झाले माक्स इमानुएल त्सेंचिच. बालगंधर्वांची भामिनी ज्यांच्या घरात आठवणींतून पोचली आहे, त्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

मला मात्र सगळ्यांत जवळची वाटते ती गाण्याची घडण. या गाण्यांचे भाग तीन, आणि तिसरा म्हणजे पहिलाच पुन्हा. तो पुन्हा म्हणताना गायकाने नव्या जागा घ्यायच्या, आणि त्या जागा कागदावर लिहिलेल्या नसतात. नाट्यपदांच्या पुस्तकातही चार ओळीच छापलेल्या असतात ना? बाकीचं गळ्यात. म्हणून हस्तलिखित सापडलं एवढ्याने ऑपेरा जिवंत होत नाही. त्या काळची गायकी अंगात मुरवलेला माणूस लागतो.

पहिल्या अंकाच्या शेवटी आर्बाचे एकटा उरतो आणि गातो: क्रूर समुद्रातून चाललोय, शीड नाही, दोर नाही. नान्सीत हे फ्रांको फाजोली गायले. मुखडा परत येतो तेव्हा ते वरच्या सुरांवरून थेट खर्जात उतरतात.

तेच गाणं आता लावते. दिवे जरा मंद करा, आणि मुखडा परत आला की दाद आवरू नका.