तो बॅनर तुमच्यासाठी नव्हताच

(इंदूरच्या एका मराठी मंडळात झालेलं भाषण, थोडं आवरून)

मागे ऐकू येतंय ना? काका, हात वर करा नाहीतर मान हलवा. हं, चालू करते.

पत्रिकेत विषय छापलाय "मतदाराला जाहिरातीतून काय हवं असतं". विषय मी दिलेला नाही पण चांगला आहे, शेवटी येते त्याच्यावर. वेळेतली दहा मिनिटं सत्कारात गेलीच, नारळ मिळाला, तक्रार नाही.

मी काही जाहिरातीतली तज्ज्ञ वगैरे नाही. जेल रोडजवळच्या एका छापखान्यात आयुष्य गेलं, आधी अक्षरांचे खिळे जुळवले, मग कॉम्प्युटर आला, मग फ्लेक्सची मशीन आली, आणि मराठी धड वाचता येणारी मी एकटी म्हणून पाडवा, गणपती, शिवजयंती आली की मॅटर माझ्याच टेबलावर. सगळ्या पक्षांचं हं! मागच्या दोघांनी एकमेकांकडे बघायचं कारण नाही.

आता आपण सगळेच कुरकुर करतो, की ह्या लोकांना जाहिरात करता येत नाही, एवढा पैसा घालतात आणि आपल्याला तर त्याचा वैतागच येतो, म्हणजे नेम चुकला ना. तर माझं म्हणणं असं की नेम अजिबात चुकत नाही. नेम दुसरीकडेच धरलेला असतो, आपण उगीच मध्ये उभे असतो आणि म्हणतो अरे आम्हाला लागला नाही.

कसं ते सांगते. वाढदिवसाचा फ्लेक्स डोळ्यासमोर आणा. वरच्या पट्टीत दिल्लीची डोकी, त्याखाली भोपाळची, मधोमध ज्याचा वाढदिवस तो हात जोडून, आणि खाली "निवेदक" म्हणून मोहल्ल्यातली पंधरा-वीस पोरं पासपोर्ट साईझमध्ये, कुणी गॉगल लावून, कुणी मोबाईल कानाला लावून, जसं काही आत्ताच दिल्लीहून फोन आलाय. पाडव्याला हाच फ्लेक्स, फक्त डोक्यांवर फेटे. फेटा फोटोशॉपमधला एकच, सहाही डोक्यांवर तोच, सगळ्यांचा तुरा डावीकडे. हे मराठी मतांसाठी बरं का, म्हणजे आपल्यासाठी. असं तुम्हाला वाटतं.

पण इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं मला विचारलं नाही की दिदी, हे रस्त्यावरच्या माणसाला वाचता येईल का. विचारायचे काय? "भोपालवाले भाईसाब का फोटो मुझसे छोटा तो नहीं लग रहा?" एकदा तर एक जण पट्टी घेऊन आला. खरंच पट्टी, शाळेतली! दोन नेत्यांची डोकी मोजली, एक सूतभर मोठं निघालं, कारण त्या माणसाचे केसच उभे, मी काय करू? केस कापले. फोटोतले. नाव विचारू नका, दोघंही अजून पदावर आहेत.

फोटो हाच सगळा मामला आहे. सुप्रीम कोर्टानं 2015 मध्ये सांगितलं की सरकारी जाहिरातीत फक्त राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीशांचे फोटो लावा. झालं, हाहाकार! 2016 मध्ये फेरविचार होऊन राज्यपाल, मुख्यमंत्री, मंत्री परत आत आले. योजनेची माहिती नीट छापा म्हणून कुणी इतक्या तातडीनं कोर्टात धावल्याचं मला तरी आठवत नाही.

आता आमच्या गॅलरीची गोष्ट. ज्यांनी आधी ऐकलीय त्यांनी हसायची जागा आली की हसा, बाकीच्यांना कळेल.

आम्ही रामबागेत दुसऱ्या मजल्यावर. उन्हाळा, सासूबाईंनी गॅलरीत साबुदाण्याच्या पापड्या घातलेल्या, स्टीलची ताटं, वर मलमलचं कापड, सगळं साग्रसंगीत. सकाळी बघतो तर घरात अंधार. मला वाटलं ढग आले. ढग कसले, गॅलरीच्या ग्रिलला बाहेरून फ्लेक्स बांधलेला, आतून पांढरी पाठ आणि उजेडात आरपार दिसणारं एक उलटं हसू. न विचारता. खाली शिडीवर एक पोरगा सुतळी आवळत होता. मी म्हटलं, भैया, काय करून राहिले? तर म्हणतो, "आंटी, बस दो दिन की बात है, मंत्रीजी इधर से निकलेंगे." म्हटलं वाढदिवस कुणाचा? "हमारे भैया का." मग मंत्रीजी का? तर पोरगा माझ्याकडे असा बघायला लागला, की इतकी वर्षं छापखान्यात घालवून हिला एवढंही कळत नाही.

मग मी खाली उतरून बघितलं. बॅनरचं तोंड आमच्या गल्लीकडे नव्हतंच. तिरका बांधलेला, वळणावरून गाडी येईल त्या बाजूला. त्या बाजूला राहतं कोण? कुणी नाही. एक भिंत आणि एक विजेची डीपी. म्हणजे आख्ख्या रामबागेत तो बॅनर नीट दिसेल अशी एकच जागा होती, मंत्र्याच्या गाडीतली डावीकडची मागची सीट. इतका अचूक नेम मी आयुष्यात बघितला नाही!

आणि मंत्रीजी आलेच नाहीत, ताफा दुसरीकडून गेला. पापड्यांना वास लागला. सासूबाई तीन दिवस त्या भैयाजीचा उद्धार करत होत्या, तोही मराठीत, म्हणजे त्याच्यापर्यंत पोचायची सोयच नाही. दो दिन सरले, बॅनर हलेना, शेवटी ह्यांनी विळीनं सुतळ्या कापल्या. फ्लेक्स मात्र चांगला जाड निघाला, अजून गहू वाळवायला गच्चीवर अंथरते, भैयाजींच्या कपाळावर गहू छान वाळतो.

(इथे सेक्रेटरींची चिठ्ठी आली.) हो हो, कळलं.

निवडणुकीच्या वेळी मात्र ह्यांना खरंच आपल्यावर नेम धरावा लागतो, आणि सवय नसल्यामुळे मग खरोखर चुकतो. 2004 चं वाजपेयी सरकारचं "इंडिया शायनिंग" आठवा, हिंदीत "भारत उदय". देशभर पानं भरभरून जाहिराती, "फील गुड", वर अटलजींच्या आवाजातला रेकॉर्डेड फोन घरोघरी. अटलजी आपल्या ग्वाल्हेरचे, आवाज कानात भरणारा, त्यावर आपलं काही म्हणणं नाही. पण आदल्याच डिसेंबरात आपल्याकडे बिजली-सडक-पानीवर दिग्विजय सिंहांचं सरकार गेलं होतं, म्हणजे माणूस काय मागतोय ते समोर लिहिलेलं होतं. 13 मेला निकाल लागला आणि दिल्लीतलं सरकार गेलं. इंदूरहून मात्र तेव्हाही ताईच, म्हणजे सुमित्रा महाजन, निवडून आल्या, 1989 पासून आठ वेळा आल्या. सुमित्राताईंना रामबागेत कुणी फ्लेक्सवरून ओळखत नव्हतं.

त्या रेकॉर्डेड फोनची खोड मग सगळ्यांनाच लागली. एका उमेदवाराचा फोन आमच्याकडे भर दुपारी यायचा, "मैं आपका बेटा बोल रहा हूँ." सासूबाई पहिल्यांदा फोनवर म्हणाल्या, कोणाचा रे तू? मग हिंदीत, बेटा, पानी एक दिन छोड़के आता है. बेटा थांबायलाच तयार नाही, विकासावर बोलतोय. आई पुन्हा पाण्यावर, बेटा पुन्हा विकासावर, आणि मग बेट्यानं फोन ठेवला. पाणी आलं नाही ह्याचा त्यांना तितका राग नव्हता, मोठ्या माणसाचं बोलणं मध्येच तोडलं ह्याचा होता.

कंपन्याही हेच करतात, पण त्यांना निदान पैशाचा फटका बसतो. केलॉग्ज 1994 मध्ये भारतात आली, कुरकुरीत कॉर्नफ्लेक्स घेऊन, आपण ओतलं गरम दूध, झाला लगदा. इंदूरचं तर बोलायलाच नको, सकाळी पोहे, जिरावण, शेव, बाजूला जिलबी, आणि ह्या माणसाला गार दुधात मका खा म्हणायचं! पण कंपनी शिकते, कारण माल दुकानात पडून राहतो. नेत्याचा माल पडून राहिलेला पाच वर्षं कळतच नाही.

घंटी? बरं. मग विषय. भराभर सांगते, लिहून घ्या.

मतदाराला काय हवं ह्याचं उत्तर रोज सकाळी तुमच्या दारात येतं, कचऱ्याची गाडी. गाणं वाजतं आणि गाणं वाजलं की गाडी खरंच येते, एवढंच. 2016 मध्ये आपलं इंदूर देशातल्या शहरांच्या स्वच्छतेच्या यादीत पंचविसावं होतं, 2017 मध्ये पहिलं, मग पुढे पहिलंच. ते काही गाण्यानं झालं नाही. गाडी आली नसती तर त्याच गाण्याला आपण दगड मारले असते.

दुसरं, 2024 ची लोकसभा. काँग्रेसच्या उमेदवारानं 29 एप्रिलला अर्ज मागे घेतला, पक्ष म्हणाला नोटा दाबा, म्हणजे "वरीलपैकी कोणी नाही" हे बटण, आणि 13 मेला, हो तीच 13 मे, बरोबर वीस वर्षांनी, इंदुरात नोटाला 2,18,674 मतं पडली. नोटा दुसऱ्या नंबरवर, देशातला विक्रम! ना फोटो, ना फेटा, ना वाढदिवस. त्यानं निकाल बदलत नाही, मला माहीत आहे, नाना, बसा. एवढंच म्हणतेय की ज्याला खरंच काही सांगायचं असतं त्याला डोक्यांची पट्टी लागत नाही.

तिसरं, कायदा. उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा 2022 पासून आमदारकीला 40 लाख, खासदारकीला 95 लाख. पण हिशेब अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचाच. म्हणून वाढदिवस आधी येतात, कळलं? प्रचाराच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतो, लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 127 ए, नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ती ओळ मी आयुष्यभर सगळ्यात बारीक टाईपात लावत आले, तुम्ही ती चष्मा लावून वाचा. आणि मालकाच्या लेखी परवानगीशिवाय तुमची भिंत, तुमचं ग्रिल खराब केलं तर मध्य प्रदेशाचा 1994 चा संपत्ती विरूपण कायदा आहे, हजार रुपयांपर्यंत दंड. हजार रुपये! एवढ्यात तर फ्लेक्सही होत नाही, म्हणून कुणी घाबरत नाही.

तर पुढच्या वेळी कुणी सुतळी घेऊन आलं की भांडू नका, परवानगी द्या, पण लेखी द्या, आणि अट घाला की बॅनरवर खालच्या पोरांच्या फोटोंऐवजी, उतरवायला येणाऱ्या माणसाचा मोबाईल नंबर मोठ्या टाईपात हवा. आणि तो नंबर कधी लागला तर मला कळवा.