मागची बाजू दाखवा : जुन्या अमेरिकी वस्तू पडद्यावर वाचताना

(पडद्यावर: संग्रहालयाचं संकेतस्थळ. खणांचं कपाट, समोरून.)

न्यूपोर्ट, ऱ्होड आयलंड. साल 1765. महोगनीचं हे खणांचं कपाट आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये (थोडक्यात मेट) असतं. दर्शनी भाग तीन उभ्या पट्ट्यांत उतरतो. कडेच्या दोन पुढे आलेल्या, मधली आत गेलेली. प्रत्येकीच्या माथ्यावर शिंपला. कडेचे शिंपले फुगीर, मधला खोलगट. बघणारा इथेच थांबतो, कारण फोटोसुद्धा बहुतेक वेळा इथेच थांबतात.

आपण जरा खाली सरकू. फोटोखालच्या बारीक अक्षरांत वस्तूचा क्रमांक आहे: 27.57.1. पहिला आकडा संग्रहालयात आल्याचं वर्ष, म्हणजे 1927. दुसरा त्या वर्षातली कितवी आवक, तिसरा त्या आवकीतली कितवी वस्तू. वहीत सगळ्यात आधी हा क्रमांक उतरवायचा. वस्तूचं नाव, काळ, अगदी कारागीरही नव्या संशोधनानं बदलतो. क्रमांक सहसा बदलत नाही, म्हणून पाच वर्षांनी तीच वस्तू शोधायची तर हाच कामाला येतो.

त्याखाली लाकडांची ओळ. महोगनीनंतर ट्यूलिप पॉप्लर, पाइन आणि चेस्टनट अशी नावं येतात. महोगनी दिसते ती बाहेरून. बाकीची लाकडं खणाच्या बाजूंना, तळाला, पाठीला. आयात केलेलं महागडं लाकूड कुणीही विकत घेऊ शकत होतं. आतलं लाकूड मात्र कारागीर आसपासच्या जंगलातून किंवा वखारीतून आणायचा. त्यामुळे वस्तूचा पत्ता आतून कळतो. आत चेस्टनट सापडलं की ऱ्होड आयलंडचा विचार करायचा. मॅसॅच्युसेट्समध्ये पांढरा पाइन. फिलाडेल्फियात ट्यूलिप पॉप्लर, आणि खणाच्या तळाला बरेचदा पांढरा सीडर. चार्ल्सटनकडे सायप्रस. एका लाकडावरून निकाल द्यायचा नाही, कारण पाइन सगळीकडेच मिळायचा. दोन-तीन लाकडांची जोडणी जमली तर गोष्ट पुढे सरकते.

(पडद्यावर: खणातली कागदी चिठ्ठी.)

आणि ही चिठ्ठी. कारागिराचं नाव जॉन टाउनसेंड, जागा ऱ्होड आयलंड, वर्ष 1765. सही आणि साल दोन्ही असलेलं त्या काळचं अमेरिकी फर्निचर फार थोडं आहे, म्हणून अशी एक चिठ्ठी, चिठ्ठी नसलेल्या अनेक कपाटांची ओळख ठरवायला उपयोगी पडते. कसं? खण बाहेर काढून.

(पडद्यावर: खणाची बाजू, जवळून.)

हा डव्हटेल सांधा. पंख्यासारखे पसरणारे दात एकमेकांत अडकवलेले. दातांची संख्या, त्यांची जाडी आणि दोन दातांमधली बारीक पाचर, हे एका हाताचं वळण असतं. दात मारायच्या आधी सुतारानं टोकदार हत्यारानं ओढलेली आखणीची रेघ अजून दिसते. हातानं मारलेले दात थोडे कमीजास्त असतात. यंत्राचे दात एकसारखे येतात, आणि ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले. न्यूपोर्टच्या खणांवर पेन्सिलीनं लिहिलेली ए, बी, सी अशी अक्षरंही सापडतात. कुठला खण कुठे बसवायचा याची ती खूण.

आता पाठीची फळी. करवतीचे ओरखडे सरळ आणि एकमेकांना समांतर असतील, तर लाकूड वरखाली चालणाऱ्या करवतीचं. ओरखडे कमानीसारखे वळत असतील तर गोल करवतीचं, आणि ती 1830च्या आसपासपासून सर्रास आली. 1765 सांगणाऱ्या कपाटाच्या पाठीवर कमानी दिसल्या, तर निदान ती पाठ तरी नंतरची. खिळ्यांचंही तसंच. लोहारानं घडवलेल्या खिळ्याचं डोकं ठोकून चपटवलेलं, चार-पाच पैलूंचं. पत्र्यातून कापलेले खिळे 1790च्या दशकापासून. आज आपण वापरतो ते तारेचे गोल खिळे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. स्क्रूचं टोक अणकुचीदार असेल तर तो 1840च्या दशकाच्या मध्याआधीचा नसतो. त्याआधीचे स्क्रू बोथट टोकाचे.

खणाचा दर्शनी भाग आतून बघा. आज मुठीला दोन भोकं लागतात आणि आत बुजवलेली आणखी दोन दिसतात, म्हणजे मुठी बदलल्या आहेत. बाहेरून हे व्हिनियरनं, म्हणजे वर चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ पापुद्र्यानं, किंवा मोठ्या पितळी पट्टीनं झाकता येतं, आतून झाकायची तसदी फार कमी लोक घेतात.

आणि गोल टेबल. दोन-अडीचशे वर्षं झालेलं टेबल तंतोतंत गोल असेल तर संशय घ्यावा. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेनं आकसतं, लांबीच्या दिशेनं जवळजवळ नाही. म्हणून जुनं गोल टेबल थोडं लंबगोल होतं. पण हे तपासायला दोन दिशांची मापं हवीत, आणि नोंदीत बहुधा एकच व्यास दिलेला असतो.

(पडद्यावर: येल आर्ट गॅलरीचा ऱ्होड आयलंड फर्निचर संग्रह. शोधपट्टी.)

येल विद्यापीठाच्या आर्ट गॅलरीनं तयार केलेला ऱ्होड आयलंडच्या फर्निचरचा हा ऑनलाइन संग्रह 1636 पासून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतचा आहे. वस्तू कुठल्याही संग्रहालयात असो, कुणाच्या घरात असो किंवा फक्त जुन्या लिलावाच्या यादीत दिसलेली असो, तिला इथे स्वतःचा क्रमांक मिळतो. नोंदीत लाकडं, मापं, वस्तूवरचं लिखाण, आतल्या खुणा, मालकांची साखळी आणि ती कुठे कुठे छापून आली ते सगळं. इथे शोधायची रीत अशी. आधी वस्तूचा प्रकार निवडायचा. मग लाकूड. मग ज्यांवर सही किंवा चिठ्ठी आहे त्याच नोंदी वेगळ्या काढायच्या. त्या आपल्या खुंट्या. बिनसहीच्या नोंदी त्यांच्या शेजारी ठेवून बघायच्या, उलट्या क्रमानं नाही. आधी आवडतं कपाट धरून मग त्याला कारागीर शोधत बसलं, की हवा तो कारागीर सापडतोच.

बॉस्टनच्या फर्निचरसाठी असाच एक संग्रह डेलावेअरच्या विंटरथर म्युझियमनं उभारला आहे. पायांचं वळण दोन्हीकडे ताडून बघण्यासारखं. चेंडू पकडलेल्या पंजाचा पाय बॉस्टनचा असेल तर कडेची नखं मागे झुकलेली. न्यूयॉर्कचा पंजा चौकोनी, ठोकळ्यासारखा. फिलाडेल्फियात चेंडू जरा दाबलेला. न्यूपोर्टच्या उत्तम कामात नख आणि चेंडू यांच्यामध्ये फट असते, तिथून उजेड आरपार दिसतो. समोरून काढलेल्या फोटोत ही फट कळत नाही.

फोटोवरून माप घ्यायचं असेल तर कपाटाची नोंदवलेली उंची घ्या. समजा ती 90 सेंटिमीटर आहे आणि पडद्यावर 1800 पिक्सेल भरते, तर एका सेंटिमीटरला 20 पिक्सेल. याच हिशेबानं खणाची उंची काढता येते. पण हे गणित त्याच फोटोपुरतं आणि त्याच प्रतलापुरतं खरं. मागे सरलेल्या पायाला ते लावलं की चुकतं. दोन संग्रहालयांची चित्रं एकाच खिडकीत शेजारी उघडायची असतील, तर नोंदीत आयआयआयएफची (वेगवेगळ्या संग्रहांची चित्रं एकाच दर्शकात उघडू देणाऱ्या सामायिक पद्धतीची) खूण शोधा. तो दुवा मिराडोरसारख्या दर्शकात टाकला की दोन्हीकडे स्वतंत्रपणे आत शिरता येतं.

(पडद्यावर: जलरंगातली चित्रं, एकामागून एक. वातकुक्कुट, रजई, मातीचा जग, खुर्ची.)

हे फोटो नाहीत. ही जलरंगातली चित्रं आहेत. 1935 ते 1942 या काळात, मंदीत बेकार झालेल्या चित्रकारांना अमेरिकी सरकारनं काम दिलं, त्यातून इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन उभा राहिला. अठरा हजारांहून जास्त चित्रं आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहेत आणि बहुतेक ऑनलाइन बघता येतात. कल्पना न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या चित्रसंग्रहाच्या प्रमुख रोमाना जॅव्हिट्झ आणि कापडावरच्या नक्षीच्या डिझायनर रूथ रीव्ह्ज यांची. रंगीत फोटोग्राफी तेव्हा भरवशाची नव्हती, म्हणून ब्रश.

पद्धत बघण्यासारखी आहे. बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये इजिप्तच्या प्राचीन वस्तूंची चित्रं काढणाऱ्या सुझान चॅपमन यांनी ती इथल्या चित्रकारांना शिकवली. आधी मापं घेऊन पेन्सिलीची अचूक बाह्यरेषा. मग पातळ, पारदर्शक रंगाचे थर, एक पूर्ण वाळल्यावर दुसरा, फिक्याकडून गडदकडे. चकाकीसाठी कागदाचाच पांढरा राखून ठेवायचा. लोखंडाचा गंज, विणीतला सुटलेला धागा, झिलईतली तडतड, सगळं ब्रशनं.

(पडद्यावर: चित्र मोठं होत जातं, धाग्यापर्यंत.)

इथे हमखास होणारी चूक मापाची. नोंदीत मापं दोन असतात. एक कागदाचं, सेंटिमीटरमध्ये. दुसरं मूळ वस्तूचं, इंचांत, वेगळ्या ओळीत. घाईत पहिलंच उतरवलं जातं आणि सहा फुटी कपाट अर्ध्या मीटरचं होतं. आणखी एक. चित्र मागून काढलेलं नसतं. चित्रकारानं तुटलेली कड जोडून दाखवली असेल तर ते चित्रावरून कळत नाही. मूळ वस्तूचा आजचा पत्ता लागला, तर फोटो शोधून ताडून बघणं उत्तम. मूळनिवासी अमेरिकनांच्या वस्तू या प्रकल्पानं मुद्दाम बाहेर ठेवल्या होत्या. त्यामुळे याला अमेरिकेच्या कारागिरीचा पूर्ण पट समजू नये.

(पडद्यावर: मोठा तपकिरी-हिरवा रांजण. खांद्यावर अक्षरं.)

दक्षिण कॅरोलायना, एजफील्ड. चाळीस गॅलनचा, म्हणजे सुमारे दीडशे लिटरचा रांजण. तारीख 13 मे 1859, आणि दोन नावं: डेव्ह आणि बॅडलर. आज तो चार्ल्सटन म्युझियममध्ये आहे. एवढं मोठं भांडं चाकावर एका दमात उठत नाही. खालचा भाग चाकावर, वर मातीच्या जाड वळ्या चढवून त्या पुन्हा सारख्या करायच्या. पोटाजवळ हात फिरवला तर जोड लागतो. फोटोत तो तिरप्या उजेडातच दिसतो. वरची झिलई लाकडाच्या राखेची किंवा चुन्याची, त्यात माती आणि वाळू. भट्टीत ती वितळून ओघळते. ते ओघळ बघा.

अक्षरं ओल्या मातीत टोकदार काडीनं कोरलेली. झिलई त्यांत साचून गडद होते आणि वाचायला त्रास देते. चित्र उतरवून घ्या, रंग काढून कृष्णधवल करा, कॉन्ट्रास्ट वाढवा. मग अक्षरं वर येतात. बऱ्याच भांड्यांवर 'एल एम' अशी दोन अक्षरंही आहेत. ती ल्युइस माइल्स या कारखानदाराची. डेव्ह, म्हणजे डेव्हिड ड्रेक, गुलाम होता. गुलामांना लिहा-वाचायला शिकवण्यावर दक्षिण कॅरोलायनानं 1834 मध्ये कायद्यानं बंदी घातली होती. त्यानं सही केली, तारीख घातली, रांजणांवर ओळीच्या ओळी कविता लिहिल्या.

(काही क्षण निवेदन नाही.)

सह्या न करणाऱ्यांसाठी उत्तर कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलमच्या मेस्डा संग्रहालयाची कारागीर-सूची आहे. दक्षिणेतले सुमारे ऐंशी हजार कारागीर, शंभरहून जास्त धंदे. माहिती वर्तमानपत्रं, मृत्युपत्रं आणि कोर्टाच्या कागदांतून वेचलेली. नाव, धंदा, जागा यांपैकी काहीही देऊन शोधता येतं. स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी करून बघायचं, कारण 'जॉइनर', म्हणजे सुतार, कुणी आय लावून लिहिला, कुणी वाय लावून. धंद्याचं आधुनिक नाव टाकून काही आलं नाही तर जुनं टाका. नोंद सापडली की मूळ वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख टिपून घ्या. सूची ही वाट, पुरावा तो कागद. अनेक गुलाम कारागिरांची एकमेव नोंद म्हणजे मालकानं दिलेली, पळून गेल्याची जाहिरात. त्यात वय, अंगावरच्या खुणा आणि 'उत्तम सुतार' एवढंच असतं.

(पडद्यावर: कामाचा बाक, रंधे, पटाशा.)

ही हत्यारं लॉंग आयलंडवरच्या ईस्ट हॅम्प्टनच्या डॉमिनी घराण्याची. तीन पिढ्या सुतार आणि घड्याळजी. हत्यारं विंटरथरच्या संग्रहात गेली, हिशेबाच्या वह्याही टिकल्या. एकाच घराची हत्यारं, वही आणि त्यांनी केलेली वस्तू अशी तिन्ही सापडणं क्वचितच. वहीतली किंमत वाचा, मग रंध्याचं पातं बघा, मग खुर्चीच्या पाठीवरची लाट.

लेख वाचायचे तर चिपस्टोन फाउंडेशन. फर्निचरवरचं वार्षिक 1993 पासून, मातीच्या भांड्यांवरचं 2001 पासून, आणि दोन्हींतले लेख त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. त्यांतले फोटो पाठ, तळ आणि सांधे दाखवतात, हे आवर्जून सांगायला हवं. जुन्या नमुन्यांच्या छापील पुस्तकांसाठी विस्कॉन्सिन विद्यापीठाचं डिजिटल ग्रंथालय.

बाजाराचं थोडक्यात. 1989 मध्ये न्यूपोर्टचंच एक लिहायचं मेज-कपाट लिलावात 1 कोटी 21 लाख डॉलरला गेलं. एवढा पैसा असला की नकलाही होतात, आणि जुन्याला नवे पाय लागतात.

(पडद्यावर: चित्र उतरवून घेण्याचं बटण.)

चित्र वापरायचं असेल तर उतरवण्याआधी त्याखाली मोकळ्या वापराची खूण आहे का बघा. 2017च्या फेब्रुवारीपासून मेटनं स्वामित्वहक्क संपलेल्या वस्तूंची चित्रं कुणालाही, कशासाठीही मोकळी केली. स्मिथसोनियननं 2020 मध्ये. खूण नसेल तर चित्र बघायला खुलं आहे, छापायला नाही. परवानगी मागावी लागते. फाइलचं नाव लगेच बदला: संग्रहालय, क्रमांक, बाजू. 'बाजू' सोडू नका. समोर, पाठ, तळ, खण. आणि नोंदीत पाठीचा फोटो नसेल तर क्रमांक देऊन संग्रहालयाला इमेल करा. पुष्कळदा तो काढलेला असतो, फक्त वर चढवलेला नसतो.