आठशे चौसष्ट अणू

नमस्कार श्रोतेहो. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतली मंडळी ऐकत असतील, तर त्यांना सिम्युलेशन म्हणजे काय ते सांगायला नको. रस ओतण्याआधी कास्टिंगमध्ये पोकळी कुठं राहील, हे आता संगणकावर बघून घेतात. आज बोलायचंय ते त्याच्याही कितीतरी खाली, थेट अणूंपाशी उतरलेल्या माणसाबद्दल. डॉ. अनीसुर रहमान.

जन्म १९२७ चा, हैदराबादचा. शिक्षण केंब्रिजला, डॉक्टरेट बेल्जियममधल्या लूव्हेनची. १९६० मध्ये शिकागोजवळच्या आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेत गेले आणि पुढची पंचवीस वर्षं तिथंच रमले.

संगणकात कण पळवण्याची सुरुवात त्यांनी केली असं नाही. ऑल्डर आणि वेनराइट हे शास्त्रज्ञ आधीच ते करत होते. पण त्यांचे कण म्हणजे टणक गोळ्या, आदळल्या की उडाल्या. खरे अणू लांबून एकमेकांना ओढतात आणि फार जवळ आले की ढकलतात. रहमाननी हा स्वभाव गणितात घेतला. १९६४ चा त्यांचा शोधनिबंध द्रवरूप अरगॉन वायूवर आहे. तापमान उणे १७९ अंशांच्या आसपास आणि अणू फक्त ८६४! अणू एका काल्पनिक पेटीत आहेत असं धरायचं, तिच्या उजवीकडून बाहेर पडलेला अणू डावीकडून आत घ्यायचा, म्हणजे भिंतीचा प्रश्नच मिटला. मला विचाराल तर खरं धाडस यातच होतं. एवढ्याशा अणूंवरून अख्ख्या द्रवाबद्दल बोलायचं!

अणू थोडे, पण त्यांच्या जोड्या होतात पावणेचार लाखांच्या घरात. जवळच्या अणूंचं बल काढायचं, न्यूटनचा नियम लावायचा, प्रत्येक अणू जरासा पुढं सरकवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. वेळेचं पाऊल केवढं? सेकंदाचे एक कोटी तुकडे करा, त्यातल्या एकाचे पुन्हा एक कोटी.

यातून दिसलं काय? नवरात्रात अंबाबाईच्या मंदिरातल्या गर्दीत तुम्ही पुढं घुसायला जाता आणि समोरच्याला धडकून मागं रेटले जाता ना, तसाच द्रवातला अणू शेजाऱ्यांच्या घेऱ्यातून उलटा फिरतो. अणू पसरण्याचा जो वेग हिशेबातून निघाला, तोही प्रत्यक्ष प्रयोगाशी चांगला जुळला.

पुढं १९७१ मध्ये फ्रँक स्टिलिंजर यांच्याबरोबर पाणी झालं, २१६ रेणूंचं. मग मिकेले पारिनेलो या शास्त्रज्ञाबरोबर अशी पद्धत काढली, की अणूंची ती पेटीच आकार बदलू शकते आणि स्फटिक एका रचनेतून दुसरीत जाताना बघता येतो. १९८७ मध्ये रहमान गेले. संगणकीय भौतिकीतला अमेरिकन फिजिकल सोसायटीचा पुरस्कार आज त्यांच्या नावानं दिला जातो.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनो, त्या काळी खोलीभर संगणक लागलेलं हे गणित आता साध्या लॅपटॉपवर होतं. न्यूटन तर तुमचा अकरावीतच झालाय. सुट्टीत करून बघा. अणूचा आत्ताचा वेग आणि थोड्या वेळानंतरचा वेग यांचा संबंध दाखवणारा आलेख काढा. तो काही काळ शून्याच्या खाली गेला नाही, म्हणजे अणू उलटा फिरलेला दिसलाच नाही, तर प्रोग्रॅममध्ये चूक शोधायला बसा.