पुंगळीतली रिकामी जागा

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेत नेमबाजीचा छंद असलेली बरीच मंडळी रिव्हॉल्व्हरची काडतुसं घरीच भरतात. मीही भरतो. भारतात मात्र परवान्याशिवाय काडतूस बनवणं १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, हे आधीच सांगतो. आज बोलायचंय ते पुंगळीतल्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचातल्या, रिकाम्या जागेबद्दल.

.३८ स्पेशल हे काडतूस १८९८ सालचं. सुरुवातीला त्यात काळी दारू असायची आणि तिनं पुंगळी जवळजवळ भरायची. दुसऱ्यांदा ओतली, तर सांडलीच. मग बिनधुराची दारू आली. ती लागते चिमूटभर. हलक्या बाराला तीन ग्रेनच्या आसपास, म्हणजे साधारण दोनशे मिलिग्रॅम. पुंगळी मात्र तेवढीच राहिली. चुकून दोनदा दारू पडली तरी गोळी निमूट बसते, बाहेरून काही कळत नाही. आणि दुप्पट दारूचा दाब दुप्पटीवर थांबत नाही. दाब वाढला की दारू आणखी वेगानं जळते, त्यानं दाब आणखी चढतो. काडतुसं बसतात तो रिव्हॉल्व्हरचा फिरता सिलिंडर फुटतो तो असा.

दारू पडलीच नाही, तर? पुंगळीच्या बुडाशी असलेली, दारू पेटवणारी टोपी एकटीच गोळीला ढकलते आणि गोळी नळीत अडकते. माझ्या हातून हे एकदा झालंय. मोठ्या आवाजाऐवजी नुसतं ‘फट्’, हाताला धक्का जवळजवळ नाही. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल अशा वेळी बहुधा आपणहून अडतं. रिव्हॉल्व्हरचा चाप ओढला की पुढचं काडतूस हजर, आणि त्याची गोळी अडकलेल्या गोळीवर! मी बोट काढलं, नळी समोरच्या बांधाकडेच धरून अर्धं मिनिट थांबलो, सिलिंडर रिकामा केला आणि नळीत पितळी सळई घातली. ती मध्येच टेकली.

तेव्हापासून पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करतो आणि गोळी बसवण्याआधी टॉर्च तिरका धरून प्रत्येकीत डोकावतो. एखादीची पातळी वेगळी वाटली, तर ओतून पुन्हा वजन. टेबलावर दारूचा एकच डबा. माप कंपनीच्या पुस्तकातलंच, आणि तेही मनानं कमी करायचं नाही: मॅग्नमच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या काडतुसांच्या, काही सावकाश जळणाऱ्या दारू कमी भरल्या तर नीट पेटत नाहीत.

शक्य तिथे आता मी फुगीर दारू घेतो. एका मापातच पुंगळी अर्ध्याहून जास्त भरते. दुसरं माप पडलं, तर ते टेबलावर सांडतं आणि मला दिसतं.