तो गुलाबी थर खरवडू नका

मंडळी, हा दगड पुढच्या रांगेपासून मागे फिरवत न्या. वरचा गुलाबी-जांभळा थर नखाने उकरून बघा. निघत नाही. तो डाग नाही आणि मळही नाही. ते जिवंत कोरलाइन शैवाल आहे, लाल शैवालांच्या कुळातलं. पेशींच्या भिंतींतच ते चुना साठवतं. इतकं टणक, की सजीवांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसने त्याला प्राण्यांत बसवलं होतं! ती वनस्पती आहे हे फिलिपी या निसर्गशास्त्रज्ञाने १८३७ मध्ये दाखवून दिलं.

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये, म्हणजे समुद्री मत्स्यालयात, हे कसं वाढवायचं, हा आजचा जाहीर विषय. तिकडे येतोच. पण आधी फुनाफुती या प्रवाळबेटाची गोष्ट, कारण ती गोष्ट ऐकल्याशिवाय या थराची किंमत कळत नाही.

डार्विनचं म्हणणं तुम्हाला ठाऊक आहे: ज्वालामुखीचं बेट खचत जातं, भोवतालची भित्ती, म्हणजे प्रवाळाची भिंत (रीफ), वर वाढत राहते, शेवटी नुसतं कंकण, म्हणजे गोल कडं, उरतं. ते तपासायला रॉयल सोसायटीने १८९६ मध्ये फुनाफुतीला, म्हणजे प्रशांत महासागरातल्या आजच्या तुवालू देशात, बोअर मारायला माणसं पाठवली. वाळू आणि सुटे गोटे लागले, शंभरेक फुटांवर काम अडलं. पुढच्या वर्षी सिडनीहून भूगर्भशास्त्रज्ञ एजवर्थ डेव्हिड गेले. पत्नी कॅरोलाइनही बरोबर होत्या. त्या मुक्कामावर त्यांनी पुस्तक लिहिलं, तेही मिळवून वाचण्यासारखं आहे. १८९८ मध्ये बोअर १,११४ फुटांवर पोचलं. ज्वालामुखीचा खडक तरीही लागला नाही; तो १९५२ मध्ये लागला, एनिवेटोक या दुसऱ्याच कंकणद्वीपावर.

पण फुनाफुतीच्या त्या कामातून १९०४ मध्ये जो अहवाल निघाला, त्यात भित्ती कोण किती बांधतं याचा क्रम आहे. पहिलं कोरलाइन शैवाल. दुसरं हॅलिमेडा, तेही शैवालच. तिसरे फोरामिनिफेरा, म्हणजे कवच असलेले चिमुकले एकपेशी जीव. आणि प्रवाळ? सांगा बघू कितवं? चौथं! सगळ्याच भित्तींवर हाच क्रम लागतो असं नाही, पण शाळेच्या पुस्तकात या शैवालाला एक ओळसुद्धा मिळू नये, याचा मला मनापासून राग येतो.

प्रवाळ विटा पुरवतं. त्या सांधणारा गिलावा म्हणजे हे शैवाल. भर समुद्राच्या लाटा जिथे आदळतात, त्या कडेवर नाजूक प्रवाळ टिकत नाही, तिथे याचाच कठडा उभा असतो. डार्विनने स्वतः १८३६ मध्ये हिंदी महासागरातल्या कीलिंग बेटांवर तो पाहिला होता. शिवाय प्रवाळाच्या कितीतरी जातींची पोहणारी पिल्लं बूड टेकायला जागा शोधतात, ती याच थरावर. त्यावरच्या जिवाणूंचं एक रसायन त्यांना इथे थांबा म्हणून खूण करतं. आणि आपल्याकडचा एक दुकानदार मला ब्लीचने धुतलेला पांढरा दगड ‘एकदम क्लीन’ म्हणून दुप्पट भावात दाखवतो!

दहाच मिनिटं उरलीत, तेव्हा टँकचं भराभर. कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल शोषण्याची ताकद, ८ ते ११ डीकेएच (ती मोजायचं एकक), मॅग्नेशियम १,२५० ते १,३५० पीपीएम. आकड्यापेक्षा तो स्थिर राहणं महत्त्वाचं. फॉस्फेट वाढू देऊ नका. नुसत्या बाटल्या ओतून काही उगवत नाही, आधी बी हवं: मित्राच्या जुन्या टँकच्या समोरच्या काचेवरचा थर खरवडून तो चुरा पाण्यात सोडा. समुद्रातून दगड उचलून आणू नका. भित्ती बांधणारं प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. सी अर्चिन (काटेरी गोळ्यासारखा समुद्री प्राणी) ठेवलात तर तो हे शैवाल खातो, तेव्हा विचार करून ठेवा.

समुद्राचं आम्लीकरण हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय, पण एवढं सांगतो: याचा चुना मॅग्नेशियम जास्त असलेला, विरघळायला सगळ्यांत सोपा. कार्बन डायऑक्साइड वाढला की प्रवाळाच्या आधी याला झळ बसते.

समोरची काच साफ करा, दिसायला हवंच. मागची काच आणि दगड मात्र सोडा. टँक अॅक्रिलिकचा असेल तर ब्लेड नको, चरे पडतात. जुनं एटीएम कार्ड पुरतं. आता प्रश्न विचारा.