खोकताना लघवी निसटते : लेसर करावं का?

ताईंनो, गणपतीत फुगडी घालताना, पावसाळ्यात खोकल्याची उबळ आली की किंवा हंडा घेऊन पाखाडी चढताना लघवी निसटते, तो प्रकार वेगळा. एकदम घाईची लागून मोरीपर्यंत पोचायच्या आत सुटते, तो वेगळा. योनीत लेसरचे किरण मारून घ्यायचा उपाय सुचवतात तो पहिल्यासाठी. दुसऱ्यासाठी करून घेतलं तर पैसे पाण्यात. काहींना दोन्ही असतं. म्हणून आधी लघवीची आणि साखरेची तपासणी, तीन दिवस किती प्यायलो, कितीदा गेलो याची नोंद, आणि मूत्राशय भरलेलं असताना डॉक्टरांसमोर खोकून दाखवणं. लाज वाटते खरी, पण निदान तिथेच होतं.

लेसर दोन जातींचे वापरतात : २९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा एर्बियम-याग आणि १०६०० नॅनोमीटरचा कार्बन डायऑक्साइड. दोन्हींचे किरण पाण्यात चटकन शोषले जातात. मूत्रमार्ग योनीच्या पुढच्या भिंतीला लागून असतो. एर्बियमने ती भिंत साधारण ६० ते ६५ अंशांपर्यंत तापवली की कोलॅजेन (भिंतीला घट्टपणा देणारं प्रथिन) आखडेल, नवं तयार होईल, असा हिशेब. आधी योनी नीट कोरडी करावी लागते, नाहीतर किरण त्या ओलीतच जिरतो. मग दांडा आत घालून काही मिलिमीटर मागे घेत, पुन्हा पुन्हा मारा करायचा. खोलीतल्या सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मे हवेत. १५ ते ३० मिनिटांत काम उरकतं, टाके नाहीत. अशा दोन-तीन बैठका, महिना-दीड महिन्याच्या अंतराने. गरोदरपणात किंवा योनीत जंतुसंसर्ग असताना, कारण न कळलेला रक्तस्राव होत असताना करायचं नाही.

आता पुरावा. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये इशारा दिला : योनीत भाजणं, व्रण राहणं, संबंधांच्या वेळी दुखणं, कायमची वेदना. कोणता उपचार वापरावा याचा सल्ला देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये सांगितलं की या त्रासासाठी लेसर फक्त संशोधनापुरता वापरावा. एर्बियमचे काही निकाल बरे आहेत, पण थोड्या महिन्यांचे. तेवढ्यावर हजारो रुपये मोजावेत, असं आम्हाला वाटत नाही.

बिनपैशाचा उपाय आधी. वारा सरताना अडवतो तसे स्नायू आत-वर ओढायचे, जमेल तितके सेकंद, आठपर्यंत, धरायचे आणि तितकाच वेळ सैल सोडायचे. असं आठ वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. चूक होते ती इथे : बऱ्याच जणी श्वास कोंडून पोट किंवा कुल्ले आवळतात, काही तर खाली जोर देतात, त्याने उलट त्रास वाढतो. लघवी करता करता धार अडवून सराव करू नका. फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घ्या. आणि खोकला यायच्या क्षणी, भाताचा भारा उचलायच्या आधी, ते स्नायू आवळून धरा. वजन जास्त असेल तर ते उतरवा. खोकला महिनोन् महिने जात नसेल तर त्याचं औषध आधी.

एवढं करूनही भागलं नाही तर योनीत बसवायची पेसरी (आधार देणारं कडं) किंवा मूत्रमार्गाखाली आधाराची पट्टी घालायची शस्त्रक्रिया आहे. तिची माहिती लेसरच्या आधी विचारा.

एक अपवाद. बाळंतपणानंतर किंवा पिशवी काढल्यानंतर रात्रंदिवस, झोपेतही गळत असेल, तर व्यायामात वेळ घालवू नका. मूत्राशय आणि योनी यांच्यात छिद्र पडलेलं असू शकतं. लघवीतून रक्त जात असेल किंवा अंग बाहेर येत असेल तरीही थेट डॉक्टर गाठा.